फॉर्म 'इनव्हॅलिड' म्हणतो तेव्हा चूक कोणाची? वेबसाईटच्या फॉर्ममागची तपासणी समजून घ्या

तुम्ही मोबाईलवर एखादा फॉर्म भरताय. नाव, नंबर, गाव सगळं नीट लिहिलं, 'सबमिट' दाबलं आणि वर लाल अक्षरांत आलं: 'इनव्हॅलिड इनपुट'. काय चुकलं ते काही सांगत नाही. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. शेवटी आपणच म्हणतो, 'जाऊ दे, आपल्यालाच जमत नाही.'

आज मी या लाल ओळीच्या दुसऱ्या बाजूने लिहितोय, कारण ती ओळ लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे. माझ्या एका फॉर्ममुळे एका माणसाचं नुकसान झालं, म्हणून हा विषय मला नीट समजावून घ्यावा लागला.

काय झालं होतं?

दोन वर्षांपूर्वी दारव्हा तालुक्यातल्या ओळखीच्या एका कृषी सेवा केंद्रासाठी मी छोटी वेबसाईट केली. त्यात 'संपर्क करा' असा फॉर्म होता: नाव, मोबाईल नंबर, तालुका आणि निरोप, एवढे चारच रकाने. मोबाईलच्या रकान्यावर मी तपासणी लावली होती, की १० आकडे हवेत, कमी नाही, जास्त नाही. पाच मिनिटांचं काम. स्वतःचा नंबर टाकून पाहिला, चालला, विषय संपला.

जून उजाडला. पेरण्या झाल्या. एका शेतकरी काकांचं सोयाबीन नीट उगवलं नाही. दुकानात जायला गाडीभाडं लागतं, म्हणून त्यांनी आधी फॉर्म भरून पाहिला. त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता आणि नंबर देवनागरी आकड्यांत लिहिला गेला. माझ्या फॉर्मला फक्त इंग्रजी आकडे कळत होते. तीनदा प्रयत्न, तीनदा 'इनव्हॅलिड इनपुट'. सहा दिवसांनी बाजाराला आले तेव्हा ते दुकानदाराला म्हणाले, "तुमच्या वेबसाईटवर तीनदा लिवलं, घेतच नाही थे. नंबर चुकीचा हाये म्हणते. दहा वर्षापासून हाच नंबर हाये माहा!"

तोवर वाफसा जाईल म्हणून त्यांनी शेत मोडून दुबार पेरणी केली होती. बियाणं उगवलं नाही अशी तक्रार केली की तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पाहणी करते. पण शेतच मोडलं असेल तर पाहणी कशाची करणार? पिशवी, टॅग, पावती सगळं त्यांनी जपून ठेवलं होतं. पंचनामा मात्र झाला नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. या सहा दिवसांत माझ्याकडे कुठलीच नोंद नव्हती. तपासणी त्यांच्या फोनच्या ब्राउझरमध्येच झाली, तिथेच फॉर्म अडला, सर्व्हरपर्यंत काही आलंच नाही. मी रोज येणारे निरोप बघायचो आणि म्हणायचो, फॉर्म मस्त चाललाय. जे आत आले तेच मला दिसत होते, जे दारातून परत गेले ते दिसत नव्हते.

तपासणी म्हणजे नेमकं काय?

फॉर्ममध्ये आलेली माहिती वापरण्याआधी ती ठीक आहे का हे बघणं म्हणजे इनपुट व्हॅलिडेशन. त्यात तीन वेगवेगळे प्रश्न असतात.

पहिला: काही लिहिलंय का? रकाना रिकामा तर नाही?

दुसरा: साचा बरोबर आहे का? पिनकोड ६ आकडी असतो आणि शून्याने सुरू होत नाही. भारतातला मोबाईल नंबर १० आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. बँकेचा आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो. त्यात पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची आणि पाचवं नेहमी शून्य.

तिसरा: अर्थ जुळतो का? कोणी तालुका 'वणी' निवडला आणि पिनकोड ४११००१ लिहिला, तर साचा अगदी बरोबर आहे. पण हा पिनकोड पुण्याचा आहे. कदाचित चूक असेल, कदाचित तो मुलगा पुण्यात शिकत असेल. इथे फॉर्मने अडवायचं नसतं, विचारायचं असतं: "पिनकोड पुण्याचा दिसतोय, बरोबर आहे ना?"

साचा बरोबर असला म्हणजे माहिती खरी, असं समजू नका. याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात झालं. २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, दीड लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाची माफी. अर्ज ऑनलाईन भरायचे होते, त्यामुळे विदर्भात सेवा केंद्रांसमोर रांगा लागल्या. १८ ऑक्टोबर २०१७ ला, ऐन दिवाळीत, पहिली प्रमाणपत्रं वाटली गेली. त्यानंतर अर्जातली आणि बँकांकडून आलेली माहिती जुळेना. एकाच आधार क्रमांकासमोर अनेक शेतकऱ्यांची नावं असल्याचं बाहेर आलं. पैसे खात्यात पडायला उशीर झाला, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात असा उशीर किती जड जातो हे वेगळं सांगायला नको.

आता आधार क्रमांकाचा साचा खरं तर भक्कम आहे. १२ आकडे, पहिला आकडा ० किंवा १ नसतो, आणि शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो. या गणिताला व्हेरहूफ पद्धत म्हणतात. याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाने ती १९६९ मध्ये मांडली. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर ही पद्धत हमखास पकडते. पण ती एवढंच सांगते की हा आकडा नीट टाईप झालाय. तो कोणाचा आहे, हे ती सांगू शकत नाही. एकच बरोबर क्रमांक शंभर नावांसमोर लिहिला, तरी साच्याची तपासणी शंभर वेळा 'ठीक' म्हणेल. तिथे 'हा क्रमांक आधी कुठे आलाय का?' असा तिसऱ्या प्रकारचा प्रश्न विचारावा लागतो.

आधी साफ करा, मग तपासा

आता माझ्या चुकीकडे येऊ. मोबाईल नंबर लोक किती प्रकारे लिहितात ते पाहा. कोणी पुढे शून्य लावतं. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी करतं, तेव्हा +९१ आणि मध्ये मोकळी जागा येते. कोणी मध्ये आडवी रेघ देतं. कीबोर्डची सूचना निवडली की शेवटी एक स्पेस आपोआप येते, ती डोळ्यांना दिसतही नाही. आणि कोणी देवनागरीत लिहितं. यातला एकही माणूस चुकीचा नंबर देत नाहीये.

म्हणून क्रम असा हवा: आधी मोकळ्या जागा आणि रेघा काढून टाका. देवनागरी आकडे इंग्रजीत बदला. पुढचं +९१ किंवा शून्य काढा. त्यानंतर मोजा, १० आकडे आहेत का.

देवनागरी आकडे बदलणं अवघड नाही. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला युनिकोडचा एक क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा ४८, देवनागरी शून्याचा २४०६. पुढचे आकडे दोन्हीकडे ओळीने येतात. म्हणजे देवनागरी आकड्याच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी आकडा मिळतो. एका ओळीचं काम! ती ओळ मी लिहिली नव्हती.

यात अजून एक गंमत आहे. जावास्क्रिप्टच्या रेजेक्समध्ये 'कुठलाही अंक' असं चिन्ह वापरलं, तर ते फक्त इंग्रजी आकडे धरतं. पायथनमध्ये तेच चिन्ह देवनागरी आकडेही धरतं. म्हणजे ब्राउझर 'नाही' म्हणतो त्याला सर्व्हर 'हो' म्हणू शकतो. दोन्हीकडे आधी साफसफाई केली की हा घोळ होत नाही.

तुमच्या ग्राहकांकडे लँडलाईन असेल तर तीही आठवा. यवतमाळचा एसटीडी कोड ०७२३२. तो नंबर 'मोबाईल'च्या साच्यात बसणारच नाही. मग रकान्याचं नाव 'फोन' ठेवा आणि दोन्ही साचे चालू द्या.

कमल चालते, कमला चालत नाही

नावाच्या रकान्यात तर जास्तच घोळ होतो. बऱ्याच फॉर्ममध्ये 'फक्त इंग्रजी ए ते झेड' अशी अट असते. म्हणजे मराठीत नाव लिहिणारा प्रत्येक जण बाहेर.

समजा प्रोग्रामरने थोडा विचार केला आणि 'कुठल्याही भाषेतलं अक्षर चालेल' असं लिहिलं. तरी अडतं, कारण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी ही 'अक्षरं' नाहीत, त्यांचा वर्ग वेगळा, 'चिन्हं'. त्यामुळे 'कमल' हे नाव पास होतं आणि 'कमला' नापास! एका काना्यामुळे... असं म्हणायला हसू येतं, पण असे फॉर्म खरंच असतात. दोन्ही वर्ग चालू ठेवले की हा प्रश्न सुटतो.

लांबीचंही तसंच. 'श्रीकृष्ण' हे नाव आपण तीन अक्षरी म्हणतो. कॉम्प्युटरसाठी ती ९ चिन्हं आहेत. 'नाव १५ अक्षरांपर्यंत' अशी अट इंग्रजीचा अंदाज घेऊन ठेवली, तर मराठी नाव मध्येच तुटतं. 'शेतकऱ्या'मधला 'ऱ' दोन प्रकारे साठवता येतो, एकाच चिन्हाने किंवा 'र' खाली नुक्ता देऊन. दिसायला सारखाच, पण शोधायला गेलं तर सापडत नाही. त्यासाठी साठवण्याआधी युनिकोड नॉर्मलायझेशन करायचं असतं. बहुतेक भाषांमध्ये ते तयार मिळतं.

आणि माणसांची नावं आपल्या कल्पनेत बसतीलच असं नाही. वसईच्या किंवा गोव्याच्या डिसोझा मंडळींच्या इंग्रजी आडनावात वर स्वल्पविराम येतो. झरी जामणी, पांढरकवड्याकडे तेलंगणा लागून आहे, तिथे काही जण आडनावाचं एकच आद्याक्षर लिहितात. काहींच्या कागदांवर आडनावच नसतं. संपर्काच्या फॉर्ममध्ये नाव कशासाठी हवंय? फोन केल्यावर हाक मारायला. मग एकच मोठा रकाना द्या आणि रिकामा नाही ना एवढंच बघा. 'पहिलं, मधलं, आडनाव' असे तीन सक्तीचे रकाने कशाला?

तालुक्याची यादी देतानाही हे लक्षात ठेवा. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके. त्यातल्या एकाचं सरकारी नाव केळापूर, पण मुख्यालय पांढरकवडा, आणि लोक तालुक्यालाही पांढरकवडाच म्हणतात. यादीत फक्त 'केळापूर' दिसलं तर नवख्या माणसाला आपला तालुकाच सापडत नाही. 'केळापूर (पांढरकवडा)' असं लिहिलं की झालं.

मग तपासणी काढूनच टाकायची का?

नाही. कारण फॉर्म हा अख्ख्या जगासाठी उघडा दरवाजा आहे, आणि सगळेच काही शेतकरी काका नसतात.

पहिली गोष्ट: ब्राउझरमधली तपासणी कोणालाही बंद करता येते. फॉर्म बाजूला ठेवून थेट सर्व्हरला माहिती पाठवणारी साधनं फुकट मिळतात. म्हणून ब्राउझरची तपासणी फक्त सोयीसाठी, चूक लगेच दाखवायला. खरी तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावीच लागते.

दुसरी गोष्ट: हल्ला करणारा रकान्यात माहिती लिहीत नाही, हुकूम लिहितो. आपण चेकवर रक्कम लिहिली की पुढे 'फक्त' लिहितो, म्हणजे कोणी त्यापुढे काही वाढवू नये. फॉर्मच्या माहितीलाही असं 'फक्त' लावायचं असतं. चार ठिकाणी ते विसरलं जातं.

एक, डेटाबेस. नावाच्या रकान्यातलं अवतरण चिन्ह डेटाबेसला 'माहिती संपली' असं वाटायला लावतं आणि पुढचा मजकूर हुकूम म्हणून चालतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या टॉकटॉक या टेलिकॉम कंपनीच्या जुन्या वेब पानांतून असाच हल्ला झाला. १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली आणि पुढच्या वर्षी कंपनीला ४ लाख पौंड दंड बसला. उपाय म्हणजे हुकूम आणि माहिती डेटाबेसला वेगवेगळी पाठवायची, ज्याला पॅरामीटराइज्ड क्वेरी म्हणतात. अवतरण चिन्हावर बंदी हा उपाय नाही. त्याने डिसोझा अडतील, चोर दुसरी वाट काढेल.

दोन, निरोप दाखवताना. कोणी निरोपात स्क्रिप्ट लिहिली आणि दुकानदाराने तो निरोप आपल्या पानावर उघडला, तर ती स्क्रिप्ट दुकानदाराच्या लॉगिनमधून चालते. इथेही '<' चिन्हावर बंदी घालू नका. एखादा शेतकरी 'उगवण < ५० टक्के' असं लिहील आणि ते अगदी बरोबर असेल. चिन्ह आत घ्या, दाखवताना ते साधा मजकूर म्हणूनच दाखवा. याला एस्केप करणं म्हणतात.

तीन, ईमेल. फॉर्मचा निरोप दुकानदाराला ईमेलने जात असेल, तर नावाच्या रकान्यात नवी ओळ टाकून जास्तीचे पत्ते घुसवता येतात. मग तुमच्याच सर्व्हरवरून हजारो लोकांना स्पॅम जातो. नाव, विषय अशा एका ओळीच्या रकान्यात नवी ओळ येऊ द्यायची नाही.

चार, एक्सेल. निरोपांची यादी एक्सेलमध्ये उघडली, की =, +, - किंवा @ ने सुरू होणारा मजकूर एक्सेल सूत्र समजतं. +९१ ने सुरू होणारा साधा नंबरही त्यात बिघडतो. म्हणून फाईल काढताना असे रकाने 'मजकूर' म्हणूनच काढा.

थोडक्यात, माणूस आत येताना उदार राहा आणि माहिती वापरताना कडक राहा. माझ्या फॉर्ममध्ये नेमकं उलटं होतं. बाहेर कडक, आत मोकळं रान.

चूक सांगायची कशी?

'इनव्हॅलिड इनपुट' हे सांगणं नव्हे. 'मोबाईल नंबरमध्ये १० आकडे हवेत, तुम्ही ९ लिहिलेत' हे सांगणं. ते मराठीत हवं, त्याच रकान्याखाली हवं, आणि भरलेलं बाकी काहीही पुसलं जाता कामा नये. फोनच्या रकान्याचा प्रकार 'टेल' ठेवला तर मोबाईलवर थेट आकड्यांचा कीबोर्ड उघडतो, अर्ध्या चुका तिथेच टळतात. ईमेलचा रकाना सक्तीचा ठेवू नका. गावात पुष्कळांकडे ईमेल फक्त फोन सुरू करण्यापुरताच असतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: किती जण अडले ते मोजा. त्यांनी काय लिहिलं ते साठवायची गरज नाही. 'फोनच्या रकान्यावर आज ७ वेळा अडलं' एवढं कळलं तरी पुरतं. त्या जूनमध्ये मला एवढंच दिसलं असतं, तर पहिल्याच दिवशी दुरुस्ती झाली असती.

तुमचा फॉर्म अडला तर

नंबर इंग्रजी आकड्यांत, +९१ आणि स्पेस न देता लिहून पाहा. प्रत्येक रकान्याच्या शेवटची स्पेस पुसा. मोठा निरोप असेल तर बटण दाबण्याआधी कॉपी करून ठेवा. तरीही अडलं तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि लगेच फोन करा किंवा जाऊन या. जिथे मुदत असते तिथे तर फॉर्मच्या भरवशावर अजिबात राहू नका. २०२५ च्या खरीप हंगामाआधी महाराष्ट्रात पीक विम्यात गारपीट, पूर अशा स्थानिक आपत्तीत नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागायची. आणि साध्या संपर्क फॉर्मने आधार क्रमांक, ओटीपी किंवा पिन मागितला तर तो भरूच नका. निरोप पाठवायला यातलं काहीही लागत नाही.

तुमच्यापैकी कोणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, काकांच्या दुकानासाठी फॉर्म करत असेल, तर एक करा. स्वतःचा नंबर टाकून 'चाललं' म्हणू नका. घरातल्या, शेजारच्या पाच जणांच्या हातात त्यांचाच फोन देऊन फॉर्म भरायला सांगा आणि मागे उभं राहून नुसतं बघा. काही सुचवू नका.

मी फॉर्म दुरुस्त केला तेव्हा त्या काकांनाच फोन करून पुन्हा भरायला सांगितलं. त्यांनी नंबर देवनागरीतच लिहिला, मध्ये दोन स्पेस देऊन. या वेळी गेला. निरोपात लिहिलं होतं: "आता घेते. पण बेण्याचं काय?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.